गणिताची शिकवणी : निसटलेला दुवा सापडला तरच लाभ

टिटवाळा, प्रतिनिधी – पहाटेच्या लोकलने मुंबई गाठायची आणि रात्री उशिरा घरी परतायचे, हा टिटवाळ्यातील अनेक पालकांचा दिनक्रम. मुलांच्या वह्या पाहण्यास सवड उरत नाही आणि दहावीचे वर्ष उजाडताच गणिताच्या शिकवणीचा शोध सुरू होतो. मात्र शिकवणीचा उपयोग नेमका कशामुळे होतो, याचा विचार क्वचितच होतो.

राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत बीजगणित व भूमितीला प्रत्येकी ४० गुणांची लेखी परीक्षा असून २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत. 'सामान्य गणिता'चा सोपा पर्याय २०१७-१८ मध्ये नववीपासून बंद झाला. त्यामुळे कच्च्या विद्यार्थ्यालाही आता याच वाटेने जावे लागते.

गणित हा पायरीपायरीने चढण्याचा विषय आहे. १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ लिहिणारा किंवा −३(क्ष − ४) चा विस्तार −३क्ष − १२ असा करणारा विद्यार्थी दहावीच्या वर्गसमीकरणात अडखळतो. प्रत्यक्षात त्याची चूक आधीच्या इयत्तांतील असते. भरलेल्या वर्गात शिक्षकांना प्रत्येकाची चूक शोधणे कठीण जाते. शिकवणीत ते साधू शकते.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये वैयक्तिक शिकवणीचा प्रभाव नेहमीच्या वर्गापेक्षा कितीतरी अधिक असल्याचे मांडले. मुंबईतही याचा प्रत्यय आला आहे. 'प्रथम' संस्थेच्या 'बालसखी' उपक्रमात पालिका शाळांतील तिसरी-चौथीच्या मागे पडलेल्या मुलांना छोट्या गटात दररोज सुमारे दोन तास शिकवले जाई. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार सर्वाधिक प्रगती कच्च्या मुलांचीच झाली. ही मुले प्राथमिकची असली, तरी राहून गेलेला पाया आधी भरून काढण्याचे तत्त्व माध्यमिक वर्गांनाही लागू पडते.

याउलट, चाळीस-पन्नास मुलांसमोर तोच धडा पुन्हा फळ्यावर सोडवणारी शिकवणी म्हणजे दुसरी शाळाच ठरते. म्हणूनच शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी गटात किती मुले आहेत, आरंभी मागील इयत्तांची चाचणी घेतली जाते का आणि मुलाकडून स्वतः उदाहरणे सोडवून घेतली जातात का, हे विचारावे. शिकवणी दहावीत नव्हे, तर आठवी-नववीतच सुरू करणे श्रेयस्कर, कारण पाया भरण्यास वेळ लागतो.