ट्रम्पेटचे जादूगार

लग्नाची वरात पाहायला तुम्हांला नक्कीच आवडत असेल. वरातीच्या पुढे बँडवाले चालत असतात. त्यांच्यापैकी काहींच्या हातात एक चकचकीत पितळी वाद्य असते. ते एका टोकाला निमुळते आणि दुसऱ्या टोकाला कर्ण्यासारखे रुंद असते. वादक गाल फुगवून त्यात फुंकतो आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा सूर निघतो. हेच ट्रम्पेट. आपली तुतारी आणि पोलिसांचा बिगुल हे त्याचे जवळचे नातेवाईक आहेत.

पुढच्या वेळी वरात आली, तर एक गोष्ट नीट पाहा. हार्मोनियमला कितीतरी पट्ट्या असतात. बासरीला सहा-सात छिद्रे असतात. ट्रम्पेटला मात्र फक्त तीन बटणे असतात. मग तीन बटणांवर सिनेमाचे सबंध गाणे कसे काय वाजते?

याचे उत्तर वादकाच्या ओठांत आहे. सनईच्या तोंडाशी पातळ पत्ती असते. फुंकर घातली, की ती थरथरते आणि सूर उमटतो. ट्रम्पेटला अशी पत्ती नसते. वादकाचे ओठ हीच त्याची पत्ती! वादक आपले मिटलेले ओठ वाद्याच्या तोंडाशी असलेल्या छोट्या वाटीवर टेकवतो आणि त्यांतून हवा सोडतो. ओठ थोडे सैल ठेवले, तर खालचा सूर येतो. ते आवळले, की वरचा सूर येतो. ट्रम्पेटची नळी सरळ केली, तर ती सुमारे दीड मीटर लांब भरेल. बटण दाबले, की आतली झडप हवेला आणखी एका वळणातून पाठवते. म्हणजे नळीची लांबी वाढते आणि सूर खाली उतरतो. मधल्या बटणाने सूर अर्ध्या सुराने उतरतो, पहिल्याने एका सुराने आणि तिसऱ्याने दीड सुराने. बाकीचे सारे काम ओठांचे आणि छातीतल्या श्वासाचे. म्हणून ट्रम्पेटवादकाची खरी दौलत त्याचे ओठ असतात, आणि त्याला धोकाही तिथेच असतो.

ही तीन बटणे फार जुनी नाहीत. ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली. त्यापूर्वी युरोपातील ट्रम्पेट म्हणजे नुसती वळवलेली लांब नळी होती. तिच्यातून मोजकेच सूर निघत. खालच्या बाजूला तर दोन सुरांमध्ये मोठी अंतरे असत. सलग चाल वाजवायची, तर अगदी वरच्या टिपेच्या सुरांत जावे लागे, कारण सूर तिथेच एकमेकांच्या जवळ येतात. असे वाजवणे म्हणजे शरीराची कसोटीच होती. जर्मनीतील लाइपझिग शहरात गॉटफ्रीड राइखे नावाचे नामांकित वादक होते. थोर संगीतकार बाख यांच्या रचनांतील ट्रम्पेटचे कठीण भाग तेच वाजवत असत. ५ ऑक्टोबर १७३४ च्या रात्री त्यांनी राजाच्या सन्मानार्थ मशालींच्या उजेडात वादन केले. दुसऱ्या दिवशी घरी जाताना ते रस्त्यात कोसळले आणि मरण पावले. तेव्हा त्यांचे वय ६७ वर्षे होते. आदल्या रात्रीचे श्रम आणि मशालींचा धूर त्यांना बाधला, असे त्या काळच्या शहराच्या नोंदीत लिहिलेले आहे.

पुढे व्हिएन्ना शहरातील दरबारी वादक आंटोन वायडिंगर यांनी एक युक्ती केली. त्यांनी नळीला छिद्रे पाडून त्यांवर उघडझाप करणारी झाकणे बसवलेले ट्रम्पेट वापरले. आता खालचे सूरही सलग वाजू लागले. त्यांचे मित्र, प्रसिद्ध संगीतकार जोसेफ हायडन यांनी १७९६ मध्ये खास या वाद्यासाठी एक रचना लिहिली. तिच्यात हायडन यांनी एक गंमत केली आहे. सुरुवातीला ते ट्रम्पेटला जुन्या वाद्यावरही निघतील असे दोन-चार सूर देतात. ऐकणाऱ्याला वाटते, हे तर नेहमीचेच! मग ट्रम्पेटची पाळी येते आणि ते खालच्या सुरांत, पायरी-पायरीने, गाऊ लागते. २८ मार्च १८०० रोजी ही रचना व्हिएन्नात प्रथम लोकांसमोर वाजली. झाकणांचे ट्रम्पेट पुढे मागे पडले आणि झडपांचे आले. हायडन यांची रचना मात्र आजही जगभर वाजते. या रचनेचे नाव लक्षात ठेवा, कारण ती पुन्हा भेटणार आहे.

आता आपण अमेरिकेत जाऊ. तिथल्या न्यू ऑर्लिन्स शहरात ४ ऑगस्ट १९०१ रोजी लुई आर्मस्ट्राँग यांचा जन्म झाला. त्यांचे कुटुंब कृष्णवर्णीय आणि अतिशय गरीब होते. वडील घर सोडून गेले होते. लहानगा लुई एका ज्यू कुटुंबाच्या गाडीवर कोळसा विकायला जाई. गिऱ्हाइकांना कळावे म्हणून तो गाडीवर पत्र्याचा भोंगा वाजवत असे. एकदा त्याला दुकानात एक जुने कॉर्नेट दिसले. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचे धाकटे भावंड. त्याची किंमत पाच डॉलर होती. मालकाने थोडे पैसे आगाऊ दिले आणि लुईने ते घेतले.

१९१२ च्या शेवटच्या रात्री शहरात नव्या वर्षाची धामधूम चालू होती. अकरा वर्षांच्या लुईने घरातले पिस्तूल आणून हवेत बार काढला. पोलिसांनी त्याला पकडले आणि कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात पाठवले. तिथे पीटर डेव्हिस नावाचे शिक्षक मुलांचा बँड चालवत. त्यांनी लुईला लगेच कॉर्नेट दिले नाही. आधी खंजिरी, मग ढोल, मग बिगुल आणि शेवटी कॉर्नेट अशा पायऱ्यांनी त्याला शिकवले. काही महिन्यांत लुई त्या बँडचा प्रमुख झाला. सुधारगृहाचा बँड एक दिवस वाजत-गाजत लुईच्याच वस्तीतून गेला. ज्यांनी त्याला पोलिसांबरोबर जाताना पाहिले होते, तेच लोक आता रस्त्याच्या कडेला उभे राहून त्याचे वादन ऐकत होते!

न्यू ऑर्लिन्समध्ये त्या काळात कृष्णवर्णीय वादक एक नवे संगीत घडवत होते. त्याला पुढे जाझ हे नाव मिळाले. आपल्याकडे गवई बंदिशीचा मुखडा धरतो आणि मग आलाप-ताना घेत तिचा विस्तार करतो. जाझमध्येही वादक ठरलेली चाल घेऊन त्या क्षणी सुचेल तशी ती फुलवतो. कागदावर त्यातले फारच थोडे लिहिलेले असते. त्या वेळचे उस्ताद जो ऑलिव्हर यांनी १९२२ मध्ये आर्मस्ट्राँग यांना शिकागोला बोलावून घेतले. त्या दिवसांत जाझचे वादक बहुतेक सगळे मिळून एकाच वेळी वाजवत. आर्मस्ट्राँग यांनी एकट्याच्या वादनाला मध्यभागी आणले. २८ जून १९२८ रोजी त्यांनी 'वेस्ट एंड ब्लूज' या रचनेची तबकडी केली. तिच्या आरंभी कोणाचीही साथ नाही. फक्त ट्रम्पेट वाजते, तेही जेमतेम पंधरा सेकंद. तेवढ्या वेळात ते खालून थेट वरच्या टोकाला जाते आणि वळणे घेत अलगद खाली उतरते. आज हे ध्वनिमुद्रण ऐकताना थोडी खरखर येते. पण त्या सुरांतला दिमाख लपत नाही. जगभरचे वादक अजूनही ही पंधरा सेकंदे घोटून घोटून शिकतात.

या वादनाची किंमत त्यांच्या ओठांनी मोजली. रोज रात्री टिपेचे सूर लावून ओठ फाटत, रक्त येई. १९३० नंतरच्या काही वर्षांत तर त्यांना अनेक महिने वाद्य बाजूला ठेवावे लागले. पुढे ते नियमाने ओठांना मलम लावत आणि वाजवत राहिले.

आर्मस्ट्राँग यांचा चेहरा नेहमी हसरा असे. गोऱ्यांना खूश करण्यासाठी ते हसतात, अशी टीका काही तरुण कृष्णवर्णीय वादक करत. मग १९५७ साल उजाडले. अमेरिकेतील लिटल रॉक शहरात नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना गोऱ्या मुलांच्या शाळेत प्रवेश मिळाला होता. पण राज्यपालांनी सैनिक उभे करून त्यांना फाटकातच अडवले. ही मुले तुमच्याच वयाची होती. त्याच सुमारास अमेरिकेचे सरकार आर्मस्ट्राँग यांना सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यावर पाठवणार होते. आर्मस्ट्राँग यांनी एका तरुण वार्ताहरासमोर राज्यपालांवर आणि खुद्द राष्ट्राध्यक्षांवर कडक टीका केली आणि दौऱ्याला नकार दिला. त्यांच्या रेकॉर्डवर बहिष्कार घाला, अशी ओरड झाली. ते आपल्या शब्दांवरून मागे हटले नाहीत. काही दिवसांनी राष्ट्राध्यक्षांनी सैन्य पाठवून त्या नऊ मुलांना शाळेत पोहोचवले, तेव्हा आर्मस्ट्राँग यांनी तार करून त्यांचे अभिनंदन केले. १९५६ मध्ये त्यांच्या जन्मगावी गोऱ्या व कृष्णवर्णीय वादकांनी एकत्र वाजवण्यावर कायद्याने बंदी आली होती. त्यांच्या बँडमध्ये दोघेही होते. म्हणून १९६५ पर्यंत ते आपल्या गावात वाजवायला गेलेच नाहीत. ६ जुलै १९७१ रोजी न्यू यॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

आर्मस्ट्राँग यांच्यानंतर जाझमध्ये दोन मोठे ट्रम्पेटवादक झाले. दोघांचे स्वभाव अगदी उलट. डिझी गिलेस्पी सुरांचा पाऊस पाडत. वाजवताना त्यांचे गाल बेडकासारखे फुगत. असे गाल फुगवू नयेत, असे सर्व शिक्षक सांगतात, पण गिलेस्पींना कोण सांगणार? १९५३ मध्ये एका मेजवानीत कोणीतरी त्यांच्या ट्रम्पेटवर पडले आणि त्याचा कर्णा वर वाकला. गिलेस्पींना तो आवाज आवडला आणि पुढे ते मुद्दाम तसेच वाकडे ट्रम्पेट बनवून घेऊ लागले. दुसरे माइल्स डेव्हिस. ते मोजकेच सूर लावत आणि दोन सुरांच्या मधली शांतता ऐकू देत. १९५९ ची त्यांची 'काइंड ऑफ ब्लू' ही तबकडी जाझमधील सर्वांत जास्त खपलेल्या तबकड्यांपैकी आहे.

जाझच्या या सुरांचे आपल्या मुंबईशीही नाते आहे. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्या काळी गोव्यातील मुले चर्चच्या शाळेत पाश्चात्त्य संगीत लिहायला-वाचायला शिकत आणि मोठेपणी पोटासाठी मुंबई गाठत. अशा वादकांपैकी एक होते हळदोणे गावचे आंतोनियो झेवियर वाझ. लोक त्यांना चिक चॉकलेट म्हणत आणि त्यांच्या ट्रम्पेटमुळे 'भारताचे आर्मस्ट्राँग' असेही म्हणत. संगीतकार सी. रामचंद्र यांना त्यांनी साहाय्य केले. १९५१ च्या 'अलबेला' या चित्रपटात चिक आणि त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना हा चित्रपट विचारा. त्यांना त्याची गाणी अजून पाठ असतील. खुद्द आर्मस्ट्राँगही १९६४ मध्ये मुंबईत येऊन वाजवून गेले.

इकडे युरोपात हायडन आणि बाख यांच्या संगीताला नवा वादक मिळाला, तो एका कोळशाच्या खाणीतून. मॉरिस आंद्रे यांचा जन्म १९३३ मध्ये फ्रान्समधील आलेस या गावी झाला. वडील खाणीत काम करत आणि हौसेने ट्रम्पेट वाजवत. चौदाव्या वर्षी मॉरिसही खाणीत उतरला. पॅरिसच्या नामवंत संगीत विद्यालयात शिकण्याएवढे पैसे घरात नव्हते. सैन्याच्या बँडमध्ये भरती झाल्यास फी माफ होती, म्हणून तो सैन्यात गेला. विद्यालयातले शिक्षक कडक होते. अभ्यास कच्चा आहे म्हणून त्यांनी एकदा त्याला वर्गाबाहेर काढले. काही आठवड्यांनी मॉरिस परतला. पाठ्यपुस्तकाच्या शेवटी असलेले चौदा अवघड पाठ त्याने ओळीने, एकही चूक न करता वाजवून दाखवले. १९६३ मध्ये म्युनिकच्या स्पर्धेसाठी त्यांना परीक्षक म्हणून बोलावणे आले, तर ते स्पर्धक म्हणून उतरले आणि पहिले आले!

बाखच्या काळचे टिपेचे सूर निघावेत म्हणून आंद्रे यांनी नेहमीच्या ट्रम्पेटच्या निम्म्या लांबीचे छोटे ट्रम्पेट हाती घेतले. राइखे यांनी ज्यासाठी जिवाचे रान केले, ते सूर आंद्रे यांच्याकडून इतके सहज येत, की ऐकणाऱ्याला त्यातले कष्ट दिसतच नाहीत. ट्रम्पेटसाठी लिहिलेल्या जुन्या रचना थोड्याच होत्या. म्हणून त्यांनी व्हायोलिनच्या रचनाही ट्रम्पेटवर आणल्या. पूर्वी वाद्यवृंदात मागच्या रांगेत बसणारे ट्रम्पेट त्यांच्यामुळे मंचाच्या पुढच्या बाजूला आले. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

लिहिलेले संगीत अचूक वाजवणारा वादक आणि मनातले संगीत तिथल्या तिथे घडवणारा वादक एकच असू शकतो का? फार थोड्यांनी हे साधले. त्यांपैकी विंटन मार्सालिस हे १९६१ मध्ये आर्मस्ट्राँग यांच्याच न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मले. वडील पियानोवादक होते. सहाव्या वर्षी विंटनला पहिले ट्रम्पेट भेट मिळाले. चौदाव्या वर्षी त्याने शहरातील मोठ्या वाद्यवृंदाबरोबर एक रचना वाजवली. कोणती? वायडिंगर यांच्यासाठी लिहिलेली तीच हायडन यांची रचना! पुढे त्यांनी तिचे ध्वनिमुद्रण केले आणि १९८४ मध्ये त्यासाठी त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याच रात्री जाझसाठीही त्यांना ग्रॅमी मिळाला. दोन्ही प्रकारांत एकाच वर्षी हा मान मिळवणारे ते पहिले वादक ठरले.

त्यानंतर ते मुख्यतः जाझकडे वळले. आफ्रिकेतून अमेरिकेत आणलेल्या दोन गुलामांची कथा त्यांनी 'ब्लड ऑन द फील्ड्स' या अडीच तासांहून मोठ्या रचनेत मांडली. १९९७ मध्ये तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला. जाझच्या रचनेला हा पुरस्कार प्रथमच मिळत होता. तिचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा वाद्यवृंदातील ट्रम्पेटवादकांमध्ये ते स्वतःही बसले होते.