मदरबोर्ड बदलण्याआधी टेप वाचून घ्या

झाशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाची करसल्ल्याची कचेरी लक्ष्मी गेटापाशी आहे, असे समजू. कोपऱ्यात वीस-पंचवीस वर्षांचा जुना संगणक, त्यात डीडीएस-४ जातीचा टेप ड्राइव्ह आणि कपाटात तळहातावर मावणाऱ्या, प्रत्येकी २० जीबीच्या कार्ट्रिज. मदरबोर्ड दगा द्यायला लागला की दुरुस्तीवाला सांगतो, ‘बोर्ड बदलू, बाकी सगळे आहे तसेच राहील.’ पडदा आणि कळफलक राहतीलही. टेपच्या बाबतीत मात्र हा शब्द कुणी सहज देऊ नये.

कारण हा ड्राइव्ह बोर्डाला थेट लागत नाही. मध्ये स्कझी (SCSI) कार्ड असते आणि ते जुन्या, लांब पीसीआय स्लॉटमध्ये बसते. आजच्या बहुतेक बोर्डांवर हा स्लॉट नसतोच, तिथे पीसीआय एक्स्प्रेस असतो. स्लॉट असला तरी कार्ड हातात घेऊन त्याची सोनेरी किनार पाहावी. ३२-बिटी कार्डाला एकच खाच असेल, तर ते ५ किंवा ३.३ यांपैकी एकाच व्होल्टेजच्या स्लॉटमध्ये जाते. दोन खाचा असतील तर दोन्हींकडे चालते. पीसीआय एक्स्प्रेसवर चालणारी स्कझी कार्डेही निघाली होती. आता ती जुन्या बाजारातच शोधावी लागतात.

मग केबल. ५० पिनांची की ६८ पिनांची? ड्राइव्हच्या मागच्या लेबलवर एलव्हीडी, एसई की एचव्हीडी यांपैकी सिग्नलचा कोणता प्रकार लिहिला आहे, हे डोळ्यांनी वाचल्याशिवाय काहीही जोडू नये. पहिल्या दोघांचे आपसात जमते. एचव्हीडी ड्राइव्ह त्यांच्या साखळीत लावला, तर कार्ड किंवा ड्राइव्ह जळूही शकतो. साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर हवा आणि प्रत्येक उपकरणाचा क्रमांक वेगळा हवा. ७ हा क्रमांक बहुधा कार्डाचा स्वतःचा असतो.

फ्लॉपीच्या केबलवर चालणाऱ्या जुन्या ट्रॅव्हन टेप ड्राइव्हची अवस्था याहून बिकट आहे. नव्या बोर्डांवर फ्लॉपीची जोडणी उरलेली नाही, आणि लिनक्सनेही त्यांचा ड्रायव्हर २००७ साली, २.६.२० या आवृत्तीत काढून टाकला. विंडोज एक्सपीतला टेपवर बॅकअप घेणारा प्रोग्रॅम व्हिस्टापासून गेला. म्हणजे तारा जुळल्या तरी टेपवरचा मजकूर उलगडणारा प्रोग्रॅम हाताशी असेलच असे नाही.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. डीडीएस टेपवर फिरत्या ड्रमवरचे हेड तिरप्या रेषांत माहिती लिहिते. वर्षानुवर्षांच्या वापराने हेडची मांडणी जराशी सरकली, तर तो ड्राइव्ह स्वतः लिहिलेल्या टेप बिनतक्रार वाचतो आणि दुसरा, अगदी नवा ड्राइव्ह त्याच टेप नाकारतो. तेव्हा जुना ड्राइव्ह भंगारात देणे म्हणजे कपाटातल्या टेपही देऊन टाकणे होय.

नासाच्या लूनर ऑर्बिटर यानांनी १९६६-६७ साली टिपलेल्या चंद्राच्या चित्रांचे हेच झाले असते. टेप जपल्या होत्या, पण त्या वाचणारे अँपेक्स एफआर-९०० ड्राइव्ह दुर्मीळ झाले होते. नॅन्सी इव्हान्स या बाईंनी ते अवाढव्य ड्राइव्ह वर्षानुवर्षे सांभाळले, म्हणून २००८ साली ते दुरुस्त करून चंद्राच्या क्षितिजावरच्या पृथ्वीचे १९६६ मधले चित्र पुन्हा, कितीतरी अधिक स्पष्ट, बाहेर काढता आले. मला त्या बाईंबद्दल मनापासून आदर वाटतो.

लक्ष्मी गेटच्या कचेरीला माझे सांगणे एवढेच. यंत्र अडखळत का होईना चालू आहे, तोवर प्रत्येक कार्ट्रिजची बारीक सरकती खिटी सरकवून लेखन बंद करा, ड्राइव्हला क्लीनिंग कार्ट्रिज दाखवा आणि एकेक टेप हार्ड डिस्कवर उतरवा. उतरलेल्या फायली उघडून पाहा. नुसती नावे दिसणे पुरेसे नाही. त्यानंतरच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या. बोर्ड आधीच बंद पडला असेल, तर नव्याच्या मागे न लागता त्याच काळातला जुना बोर्ड शोधा. झाशीहून दिल्लीला थेट गाड्या आहेत आणि नेहरू प्लेसला चौकशी करता येईल. जाताना स्कझी कार्ड, केबल आणि टर्मिनेटर पिशवीत घालून न्या.