मटण चांगलं की वाईट? आठवीच्या वर्गातला प्रश्न



१५ ऑगस्ट २०२५ ला कल्याण-डोंबिवली महापालिकेने मटण-चिकनची दुकाने आणि कत्तलखाने चोवीस तास बंद ठेवायला सांगितले, त्यावरून केवढा वाद झाला ते तुम्हाला आठवत असेल. आदेशाला १९८८ च्या जुन्या ठरावाचा आधार दिला होता. गंमत म्हणजे तेव्हा श्रावणच चालू होता, अनेक घरांत तसंही शिजत नव्हतं. पण वाद आमच्या वर्गापर्यंत आलाच. एका मुलाने विचारलं, "बाई, मटण खाल्लं की कॅन्सर होतो ना?" मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "मग माझे आजोबा कसे धडधाकट?" आमच्या वर्गात आगरी-कोळी घरांतली मुलं आहेत आणि कांदा-लसूणही न खाणारी घरंही आहेत. उत्तर जपून द्यावं लागतं. तेच इथे देते.

कॅन्सरची भीती निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये सॉसेज, सलामी, बेकन, हॅम असं खारवून-धुरवून टिकवलेलं मांस 'कर्करोग करणारे' या पहिल्या गटात टाकलं. मटणासारखं लाल मांस 'बहुधा करणारे' या त्याखालच्या गटात गेलं. पहिल्या गटात तंबाखूही आहे, म्हणून 'सॉसेज म्हणजे सिगारेट' असे मेसेज फिरले. पण हे गट फक्त पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते नाही.

धोक्याचा आकडा वेगळा आहे. असं टिकवलेलं मांस रोज ५० ग्रॅम खाल्लं, तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. मी हे फळ्यावर शेकडेवारीचं उदाहरण म्हणून घेतलं. समजा शंभर माणसांत पाच जणांना हा आजार होणार होता, तर आता सहाच्या आसपास होतील. शंभरातले अठरा नव्हे! आणि हे रोज खाणाऱ्यांचं गणित आहे. पंधरा दिवसांतून एकदा रविवारी मटण करणाऱ्या घराने घाबरायचं कारण नाही. डब्यात रोज सॉसेज देणाऱ्या घराने मात्र विचार करावा. मटणावरची तेलाची तवंग आणि सुक्या बोंबलातलं मीठ हा वेगळा विषय. घरात हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर तिथे हात आखडावाच लागतो.

आता दुसरी बाजू, जी वादात कोणी काढलीच नाही. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून नैसर्गिकरीत्या जवळजवळ मिळत नाही. ते दूध-दही, अंडी, मासे, मांस यांतूनच येतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सुमारे दोन तृतीयांश जणांत ब-१२ कमी निघालं. शाकाहारी घरांनी मांस खावं असं मी म्हणत नाही. मुलं दूध-दही खरोखर घेतात का ते पाहावं, हातापायांना मुंग्या, सततचा थकवा असं काही असेल तर डॉक्टरांना विचारून तपासणी करावी.

लोहाचंही तसंच. मांसातलं लोह शरीर पालेभाजीतल्या लोहापेक्षा सहज शोषून घेतं. भाजी-डाळीवर लिंबू पिळलं की त्यातलं शोषण वाढतं, जेवणावर लगेच चहा घेतला की घटतं. (शिक्षक खोलीतला डब्यानंतरचा चहा! मलाही अजून सुटत नाही.)

पण मला खरं सांगायचंय ते याच्या पुढचं. आमच्या वर्गातली एक मुलगी प्रार्थनेच्या वेळी दोनदा चक्कर येऊन बसली. हिमोग्लोबिन कमी निघालं. आईला म्हटलं, "ताई, तुमच्याकडे तर मासे-मटण असतं ना?" आई म्हणाली, "असतं की. पण पोरीला रस्साच आवडतो." मुलीला एकटीला विचारलं तेव्हा कळलं, आधी बाबा, आजोबा आणि भाऊ जेवतात, मग उरलेलं या दोघींना. उरतो तो रस्सा. रश्श्यात चव असते, मसाला असतो, तेल असतं. प्रथिनं आणि लोह प्रामुख्याने तुकड्यात. घर मांसाहारी, ताट मात्र नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक आहेत, पण पंगतीचा क्रम हे एक कारण मला डोळ्यांनी दिसलं.

महागडं मटणच हवं असंही नाही. मांदेली काट्यासकट खाल्ली तर कॅल्शियमही मिळतं, आणि अंडं तर सगळ्यांत सोपं. ब्रॉयलरला हार्मोनची इंजेक्शनं देतात, मुली लवकर वयात येतात, हा मेसेज मला दर वर्षी येतो. ती कोंबडी झपाट्याने वाढते ती निवडक पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे. काळजी करायची तर प्रतिजैविकांच्या वापराची करा. कोलिस्टिन हे औषध पशुपालनात वापरायला २०१९ मध्ये बंदी घातली गेली, ती याच चिंतेतून. आणि कच्चं चिकन नळाखाली जोरात धुऊ नका, शिंतोड्यांतून जंतू ओट्यावर, कोशिंबिरीवर जातात. नीट शिजवलं की ते मरतात.

अंड्यावरून आठवलं. शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला होता, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा वेगळा निधी थांबवला, हवं असेल तर लोकसहभागातून द्या म्हणाले. येत्या पालकसभेत आम्ही हा विषय घेतोय. केळ्यांचा हिशेबही धरलाय. त्या मुलीच्या आईला मी मुद्दाम निरोप पाठवलाय, आणि बाबांनाही सोबत आणा म्हटलंय.