बर्फावरचा जगज्जेता, सायकलवरचाही!

बालमित्रांनो, मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा आपल्याला बर्फ आठवतो तो गोळेवाल्याच्या गाडीवरचा! पण नेदरलँड्स देशात कडक हिवाळा पडला, की कालवेच गोठतात. मग पोरंसोरं धारदार पात्यांचे बूट चढवून त्यावरून सुसाट निघतात. याला म्हणतात स्केटिंग. तिथल्याच याप एडन या पठ्ठ्याची ही गोष्ट.

यापचा जन्म १८७३ चा. वाढला आजी-आजोबांकडे. १८९३ साली अ‍ॅमस्टरडॅमला स्केटिंगच्या जागतिक शर्यती झाल्या, त्या १९ वर्षांच्या यापनं जिंकल्या. पुढे १८९५ आणि १८९६ लाही तोच! १८९४ मध्ये नॉर्वेतल्या हामारला त्यानं ५ हजार मीटर अंतर ८ मिनिटं ३७.६ सेकंदांत कापलं. जुना विक्रम जवळजवळ अर्ध्या मिनिटानं मोडला. त्याचा हा विक्रम थेट १९११ पर्यंत टिकला, आणि मोडला तोही अवघ्या ०.४ सेकंदानं.

पण बर्फ वितळल्यावर काय करायचं? याप सायकलवर बसायचा. बर्फ असो की सायकल, पाठ वाकवून वारा चुकवायचा आणि मांड्यांचा जोर लावायचा, हे दोन्हीकडे सारखंच. १८९४ ला तो १० किलोमीटरमध्ये जगज्जेता झाला आणि १८९५ ला जर्मनीतल्या कोलोनमध्ये स्प्रिंटमध्ये.

ही स्प्रिंट मोठी गमतीची. तुम्ही म्हणाल, इशारा झाला की सुटायचं! छे! खेळाडू आधी मुद्दाम रेंगाळतात. पुढच्याला वारा कापावा लागतो, मागच्याला आयताच आडोसा मिळतो. मूर्तिजापूर रोडला समोरचा वारा अंगावर घेत सायकल हाणून बघा, म्हणजे कळेल. मागचा टपून बसतो आणि शेवटी एकदम उसळी मारतो. वळणावर उंच चढवलेला असा ट्रॅक आपल्याकडे पुण्यात बालेवाडीला आहे.

स्केटिंग आणि सायकलिंग, दोन्हींत जगज्जेता झालेला यापसारखा दुसरा पुरुष नाही. मुलींनो, तुम्ही मात्र हसा! अमेरिकेच्या शीला यंगनं १९७३ या एकाच वर्षात दोन्ही विजेतेपदं मिळवली.

पुढे यापनं बर्फ सोडला आणि पैशांसाठी सायकल शर्यती धरल्या. त्याला बघायला गर्दी उसळायची. पैसा आला तसा गेला. राहणी ऐटबाज, त्यात दारूची सवय. २ फेब्रुवारी १९२५ ला हार्लेममध्ये तो वारला तेव्हा गरिबीतच होता. वय फक्त ५१.

१९६१ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये यंत्रानं गोठवलेल्या बर्फाचा ४०० मीटरचा ट्रॅक झाला. त्याला नाव दिलं याप एडनचं. तिथं कालवे गोठायची वाट बघावी लागत नाही.