पेंडीचा हिशेब

वराहपालन म्हटले की सुशिक्षित वाचक नाक मुरडतो. गावकुसाबाहेर लोटलेल्या समाजांच्या गळ्यात आपण हा व्यवसाय बांधला आणि त्याचा विचार करण्याचे कामही त्यांच्यावरच सोपविले. आता राष्ट्रीय पशुधन अभियानातून त्यास निम्मे अनुदान मिळते. तेव्हा त्यातील सर्वांत मोठ्या खर्चाचा, म्हणजे खाद्याचा, हिशेब चारचौघांत मांडणे अगत्याचे आहे.

जितकी पेंड अधिक तितके मांस अधिक, हा समज खोटा आहे. जनावरास ठरावीक प्रमाणात अमिनो आम्ले लागतात. सिल्लोड-कन्नडच्या मक्यात त्यांपैकी लायसीन तोकडे पडते. ते भरून काढण्यासाठी सोयाबीनची पेंड घातली की इतर आम्ले गरजेपेक्षा जास्त होतात. ती अंगी लागत नाहीत आणि त्यांतील नत्र मूत्रावाटे वाहून जाते. पेंड कमी करून शुद्ध लायसीन थोडेसे मिसळले, तर वाढ तीच राहते.

दिवसाला अडीच किलो खाद्य खाणारे डुक्कर घ्या. प्रथिने सोळा टक्के असतील तर त्याच्या पोटात ६४ ग्रॅम नत्र जाते. अंगी लागते ते सुमारे एक तृतीयांश. प्रथिने चौदा टक्क्यांवर आणली की रोजचे आठ ग्रॅम नत्र वाचते, म्हणजे मलमूत्रातील नत्र जवळजवळ पाचव्या हिश्श्याने घटते. शंभर जनावरांमागे रोज बारा-तेरा किलो पेंडही वाचते. मात्र लायसीन न घालता नुसती पेंड तोडणारा फसेल: वाढ खुंटेल आणि मांसाऐवजी चरबी चढेल.

हे नत्र जाते कुठे? मातीतून विहिरीत. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि मराठवाड्यातील अनेक विहिरींनी ती केव्हाच ओलांडली आहे. त्यात मुख्य वाटा खतांचा व सांडपाण्याचा, हे खरे. पण भर घालण्याचे कारण नाही.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन कडाडले, तेव्हा केंद्राने बारा लाख टन पेंडीच्या आयातीस मुभा दिली आणि लातूरचा शेतकरी संतापला. कुक्कुटपालकांची निकड खरी होती, शेतकऱ्याचा रागही खरा होता. पण कोंबडी असो वा डुक्कर, पेंडीची गरजच किती, हा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारला नाही. लायसीन आज बहुतांशी परदेशातून येते. ते साखरेच्या मळीवर जिवाणू पोसून करता येते आणि मळी तर आपल्या कारखान्यांतच पडलेली असते. तिचे मद्यार्क सोडून आणखी काही होऊ शकते, याचा विचार कारखान्यांच्या संचालकांनी एकदा तरी करावा.