चाकांवरचा एकटीचा संसार

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी लेकीकडे किंवा मुलाकडे अमेरिकेला जाऊन आल्या असाल, तर तिथल्या हायवेवर खोलीएवढाल्या गाड्या पाहिल्या असतील. त्यांना तिकडे 'आरव्ही' म्हणतात. आत ओटा, फ्रीज, बिछाना, न्हाणी, संडास, सगळं असतं. त्यांतल्या कित्येक गाड्या बाई चालवत असते आणि शेजारची सीट रिकामी असते. कुणी विधवा, कुणी घटस्फोटित, कुणी लग्नच न केलेली. चार दिवसांची सहल नव्हे हं! बारा महिने तेच घर.

"केवढं हे धाडस!" असं आपण पटकन म्हणतो. मला विचाराल तर त्यात धाडसापेक्षा घरकामच जास्त आहे. आपल्याकडे नळाला दिवसाआड पाणी येतं तेव्हा आपण जसं पाणी पुरवतो, तशीच तीही पुरवते. अंग ओलं केलं की नळ बंद, साबण लावून झाला की पुन्हा सुरू. गाडीखाली सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात, एक संडासाची, दुसरी ओट्या-न्हाणीची. त्या रिकाम्या करायच्या ठरलेल्या जागी जाऊन आधी संडासाची टाकी सोडायची, मग दुसरी, म्हणजे मागून येणारं साबणाचं पाणी नळी धुऊन काढतं. नाक मुरडू नका, हे काम तिच्यासाठी दुसरं कुणी करणार नसतं! थंडीत ऊब हवी म्हणून गॅसची शेगडी पेटती ठेवून मात्र कधीही झोपायचं नाही. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. म्हणून त्याची सूचना देणारी घंटी लावलेलीच हवी.

आता तुमच्या मनातला प्रश्न. भीती नाही वाटत? वाटते की! म्हणून तर एकट्या बायका बहुधा अशी गाडी पसंत करतात, जिच्यात बिछान्यावरून उठून थेट स्टीअरिंगपाशी जाता येतं. मागे जोडायच्या ट्रेलरमध्ये ती सोय नाही, खाली उतरावंच लागतं. गाडी लावतानाच तोंड रस्त्याकडे करून ठेवायची. दाराबाहेर खुर्च्या दोन मांडायच्या, आणि पायरीशी पुरुषाचे मोठाले जुने बूट. आपल्याकडे एकटी राहणारी बाई दारात पुरुषाच्या चपला ठेवते, तसंच की हे! १९९१ साली तर बायकांनी बायकांसाठीच 'आरव्हिंग विमेन' ही संस्था काढली.

हे सगळं हौसेचंच असतं असंही समजू नका. जेसिका ब्रूडर यांच्या 'नोमॅडलँड' या २०१७ सालच्या पुस्तकात साठी ओलांडलेल्या बायका आहेत. पेन्शनमध्ये घरभाडं भागत नाही, म्हणून त्या गाडीत राहायला आलेल्या आणि हंगामी कामं करणाऱ्या. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ साली ऑस्कर मिळालं. अॅरिझोनातल्या क्वार्टझसाइटच्या वाळवंटात हिवाळ्यात अशा गाड्यांचं गावच वसतं. तिथल्या सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असं सात महिने एकाच परवान्यावर राहता येतं.

पण पाण्याहून आणि चोराहून अवघड गोष्ट आहे ती पत्त्याची. लायसन्स, मतदान, बँक, विमा, सगळीकडे पत्ता लागतो. आपल्या जन्माला आधी माहेरचा पत्ता, मग सासरचा. हिला दोन्ही नाहीत. ही अडचण ओळखली के आणि जो पीटरसन या नवराबायकोनं. के स्वतः नर्स. दोघं गाडीतच राहत. १९७८ साली त्यांनी 'एस्केपीज' हा क्लब सुरू केला. टेक्सासमधल्या लिव्हिंगस्टन गावी सभासदांची पत्रं येतात आणि तिथून ती, सभासद असेल तिथे, पुढे धाडली जातात. हजारो भटक्यांचा कागदोपत्री पत्ता आज लिव्हिंगस्टन आहे!

आणि हातपाय थकल्यावर? मुलाच्या दारात गाडी लावून राहायचं? पीटरसन दांपत्यानं त्याचाही विचार केला. लिव्हिंगस्टनलाच त्यांनी 'केअर' नावाचं केंद्र उभं केलं. गाडी चालवणं सुटलेल्या किंवा दुखण्यातून उठणाऱ्या सभासदांनी आपली गाडी तिथे आणून लावायची. जेवण तयार मिळावं, डॉक्टरकडे नेणारं कुणी असावं, आणि रात्री मात्र ज्याचं त्यानं आपल्या गाडीत, आपल्याच अंथरुणावर झोपावं, अशी ती व्यवस्था.