पायी चालणाऱ्यांचा पूल

पुण्याहून मुंबईकडे जाणारा जुना रस्ता बोपोडी सोडतो आणि हॅरिस पुलावरून मुळा नदी ओलांडून दापोडीत शिरतो. १८९० ते १८९५ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड हॅरिस यांचे नाव या पुलास मिळाले. अलीकडे त्याच्या शेजारी समांतर पूल उभे राहिले, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून मेट्रोही दापोडीस थांबू लागली. वाहतुकीचा भार असा वाटला गेला म्हणजे आज ना उद्या प्रश्न उपस्थित होणारच: जुना पूल वाहनांच्या कामातून निवृत्त झाल्यावर त्याचे करावयाचे काय?

निकामी लोहमार्गांच्या बाबतीत हाच प्रश्न परदेशांत उद्भवला होता. पॅरिसमधील बास्तीयचा लोहमार्ग १९६९ मध्ये बंद पडला. त्याच्या उंच कमानींवर १९९३ मध्ये पादचाऱ्यांसाठी उद्यानमार्ग खुला झाला. न्यूयॉर्कच्या हायलाइनवरून शेवटची मालगाडी १९८० साली धावली. ती पाडावी, असा आग्रह लगतच्या जमीनमालकांनी धरला होता. तथापि नागरिकांच्या प्रयत्नांमुळे २००९ पासून तेथे लोक फिरू लागले.

यामागील हिशेब सरळ आहे. पूल बांधण्याचा खर्च पूर्वीच होऊन गेला. तो परत मिळणार नाही. पाडावयाचे म्हटले तरी पैसा लागतोच. तेव्हा तुलना करावयाची ती केवळ दुरुस्तीचा खर्च आणि होणारा लाभ यांची. मुंबईत २००८ पासून नवे स्कायवॉक बांधले गेले. त्यांपैकी कित्येक ओस राहिले, कारण जिने चढून वळसा घेण्यापेक्षा माणूस खालचा रस्ता पत्करतो. हॅरिस पुलास जिना नाही. तो रस्त्याच्याच पातळीवर आहे. याच रस्त्यावरील बोरघाटातला १८३० चा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आला. द्रुतगती मार्गावरील अडथळा हे तेथील कारण सबळ होते. दापोडीस तोच न्याय लावावयाचा, तर आधी तसे कारण दाखवावे लागेल.

मात्र हायलाइनचा दुसरा धडाही विसरता कामा नये. तिच्या परिसरातील जागांचे भाव भडकले. आपण ज्या वस्तीसाठी हे केले तिच्याच बाबतीत अपयशी ठरलो, अशी कबुली तिच्या एका संस्थापकाने २०१७ मध्ये दिली. दापोडीतील भाडेकरू कामगार आणि हातगाडीवाला यांना हुसकावून मिळणारी शोभा महागच पडेल.

खरी अडचण वेगळीच आहे. नदीच्या अलीकडे पुणे महानगरपालिका, पलीकडे पिंपरी-चिंचवड. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, हा अनुभव नवा नाही. म्हणून पुलाची तांत्रिक तपासणी, देखभालीतील प्रत्येकीचा वाटा आणि पादचाऱ्यांचा हक्क यांचा लेखी करार दोन्ही महापालिकांनी आजच करावा. पूल ओस पडल्यानंतर निर्णय घेतला, तर तो पाडण्याचाच असेल.